नागीण ओळखणारी नीलाक्का

नीलाक्का माणसाकडे बघायची ती मान वाकडी करून. कोंबडी दाणा टिपायच्या आधी एका डोळ्यानं जमिनीकडे बघते ना, तशी. नवख्या माणसाला वाटायचं, बाई आपल्याकडे संशयानं बघतेय. खजुरीतल्या लोकांना त्याची सवय होती. तिच्या उजव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढुरका डाग होता, ताकाचा थेंब वाळावा तसा. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. म्हणून ती डावा डोळा पुढं करायची, आणि तो एक डोळा मात्र दोन्हींचं काम करायचा.

खजुरीच्या मराठी शाळेवर माझी नेमणूक झाली, त्याच आठवड्यात मी तिच्या दुकानात गेले. आळंद तालुक्याच्या टोकाचं हे गाव, थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र. दुकानाच्या पाटीवर कानडीत 'बळे' म्हणजे बांगड्या असं लिहिलेलं, खाली मराठीत 'बांगड्या, टिकल्या, रिबिनी'. गावात तिला बळेगार नीलाक्काच म्हणत. तिनं मला पाटावर बसवलं, साबणाच्या पाण्यात बोटं बुडवली, माझा हात आपल्या हातात घेतला, आणि बांगडी चढवायच्या आधीच विचारलं, "कुठं दुखायलंय, टीचर?"

मी चकित. "तुम्हाला कसं कळलं?"

"खांदा धरून आलाव की. कुठं दुखायलंय?"

"सामान उचलून दुखताहेत खांदे."

"एकीकडंच का दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

"आग हुतीय का? कापड लागलं तर सहन व्हतंय का?"

"होतंय की."

"मग काय न्हाई," ती एकदम निश्चिंत होऊन म्हणाली आणि माझी बोटं दाबून बांगडी सर्रकन वर सारली. "दोन्हीकडं दुखलं की ते कष्टाचं. एकीकडंच दुखलं आन् आग सुटली, तर मला सांगायचं. लाजायचं न्हाई."

हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारायची. लेक माहेरी आली, विचार. कुणी डोकं दुखतंय म्हणालं, विचार. गावात त्याची चेष्टाही व्हायची. दोन भावांचं भांडण झालं की पारावरची माणसं म्हणायची, "एकीकडंच हाय का दोन्हीकडं, नीलाक्काला विचारा." ती चेष्टा तिच्या कानावर यायची आणि ती सगळ्यात मोठ्यानं हसायची. हसली की काऊंटरवरच्या बांगड्यासुद्धा किणकिणायच्या.

तिच्या डोळ्याची गोष्ट तिनंच मला सांगितली. मी विचारलं नव्हतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तिचा नवरा सिद्रामप्पा मागं बसून सुतळीनं बांगड्यांचे जोड बांधत होता, आणि ती मधेच म्हणाली, "तुमी रोज ह्या डोळ्याकडं बगता, टीचर. विचारत कामून न्हाई?"

मी काहीतरी पुटपुटले.

"लग्नसराई व्हती बगा," ती म्हणाली. "चुडे भरायला ह्या गावातनं त्या गावात. कपाळाच्या ह्या अंगाला ठणका सुरू झाला. नुसता अर्ध्या कपाळाला. केसावरनं फणी फिरवली तर निखारा ठेवल्यावानी. मला वाटलं ऊन लागलं. बाम लावला. सासू म्हणली दिष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळल्या. मग बारीक बारीक पुरळ आलं, त्यात पाणी भरलं, पापणीवर आलं, हितं नाकाच्या शेंड्यावर आलं. सगळी म्हणली सर्पसुत्तु."

सर्पसुत्तु म्हणजे आपण मराठीत जिला नागीण म्हणतो ती. साप गुंडाळावा तशी अंगावर पट्ट्यानं उठते, म्हणून दोन्ही भाषांत तिला सापाचंच नाव.

"मग?"

"मग काय. मलकप्पा कुंबारानं गेरूनं कपाळावर सिंह काढला. सापाला सिंह खातो म्हणं. मी सिंह घिऊन चुडे भरत फिरले. आग थांबली तवा गुलबर्ग्याला डोळा दाखवला. डाक्टर चांगला माणूस व्हता, ओरडला न्हाई. म्हणला, अक्का, पुरळ उठल्यावर दोन-तीन दिवसांत आला असता तर गोळ्यांनी जोर मोडला असता. आता डाग पडला."

मागं सिद्रामप्पाचे हात थांबले होते. त्याला ही गोष्ट ऐकवत नसे. नीलाक्काला मात्र त्यात रडण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"मी त्या दिवशी बसमदी लई विचार केला, टीचर. राग कुणावर काढू? सासू चांगली, सिंह काढणारा मलकण्णा चांगला, नवरा तर गायच. कुणी वाईट केलं न्हाई. कुणाला ठावंच नव्हतं! मग म्हणलं, मला ठाव झालंय न्हवं? मग मी सांगीन. मला काय लाज हाय? माझा एक डोळा गेला, पर त्वांड शाबूत हाय की."

आणि तोंड खरोखरच शाबूत होतं. मराठी, कानडी, दखनी, तिन्हींत ते सारख्याच वेगानं चालायचं. आळंदच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना तिनं इतकं विचारून विचारून बेजार केलं होतं, की शेवटी त्यांनी तिला चहा देऊन समोर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. ते तिनं आपल्या भाषेत करून घेतलं. लहानपणी कांजिण्या येतात, बऱ्या होतात, पण त्यांचं बी अंगात राहतं, हे ती असं सांगायची: "तुरी काढल्या तरी धसकट रानात राहतंय की न्हाई? तसं. वय झालं, आंगातली ताकद कमी झाली, शुगर वाढली, काळजी लागली, की धसकटाला फुटवा येतोय. पर ज्या ओळीत ऱ्हायलं तेवढीच ओळ. म्हणून ते एकीकडंच."

तिचा धंदाही या कामाला असा सोयीचा, की जणू त्यासाठीच तो निवडला असावा. बांगड्या भरताना बाईचा हात बराच वेळ तिच्या हातात असे. दुकानात पुरुष नसत. सिद्रामप्पा होता, पण तो बाया आल्या की न सांगता मागच्या दारानं निघून जाई. नागीण पुष्कळदा पाठीपासून बरगडीखालून छातीकडे येते, आणि बाया ती जागा कुणाला दाखवत नाहीत. नवऱ्याला सांगत नाहीत, सासूला सांगत नाहीत, ब्लाऊज लागून जीव जात असला तरी ओलं फडकं आत कोंबून भाकरी थापत राहतात. नीलाक्का बांगडी चढवता चढवता विचारी, आणि बाई बोलून जाई. मग पडदा ओढायचा, बघायचं, आणि बस कुठली आहे ते सांगायचं. औषध ती कधी देत नसे. कुणी मागितलं तर म्हणे, "मी बांगड्या विकतेय, बाई. गोळ्या दवाखान्यात मिळत्यात. उठ."

एकदा मुंजेवाडीच्या वस्तीवरून एका म्हातारीच्या पाठीचा फोटो कुणीतरी मोबाईलवर पाठवला. सिद्रामप्पानं तो तिला दाखवला. तिनं मोबाईल परत दिला. "फोटूत आग दिसत न्हाई. म्हातारीला आणा, न्हाई तर आळंदला न्या."

ती चुकायचीही. आमच्या शाळेच्या स्वयंपाकीणबाईंच्या मानेवर पुरळ आलं, तेव्हा नीलाक्कानं त्यांना हात धरून बसमध्ये बसवलं. डॉक्टर मॅडमनी बघितलं आणि सांगितलं, घामोळं आहे. स्वयंपाकीणबाई परत येऊन दुकानासमोर उभ्या राहून बडबडल्या. "माझा दिवस गेला, वरण मुलांनी जाळलं." नीलाक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घामोळं निघालं? लई चांगलं झालं! डाक्टरला दाखवून कुणी मेलंय का आजपतूर? ये, चहा पी."

शरणप्पाच्या वेळी मात्र ती चुकली नाही, आणि ते साऱ्या गावानं पाहिलं. शरणप्पा आमच्या घराच्या मागं राहायचा. तुरीची मोठी शेती, आवाज मोठा, अंग पैलवानाचं. एके दिवशी त्याच्या छातीत डाव्या बाजूला कळा सुरू झाल्या. घरात रडारड. जीप करून गुलबर्ग्याला नेलं. तिथं सगळं तपासलं. हृदय ठणठणीत आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सगळ्यांना इतका आनंद झाला की ते पुढं काय बोलले ते कुणी ऐकलंच नाही. पेढे घेऊन मंडळी परत आली. दुसऱ्या दिवशी शरणप्पा ओट्यावर उघडाच बसला होता. सदरा लागला तर ओरडायचा, वारा लागला तरी ओरडायचा. बायको म्हणाली, पित्त असेल. शेजारी म्हणाला, बरगडीत उसण भरली.

पेढे द्यायला म्हणून त्याची बायको दुकानात आली. नीलाक्कानं पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"हृदय दाखवलंव ते बेस केलंव. छातीत दुखलं की पयलं तेच दाखवायचं. आता सांग, डाक्टर शेवटी काय म्हणला?"

"काय न्हाई. हृदय चांगलं हाय म्हणला."

"आन् त्यापुढं?"

बायको आठवू लागली. मग हळूच म्हणाली, "म्हणला, आंगावर काय उठलं तर लगीच परत या."

नीलाक्का पेढा टाकून उठली. मी शाळेतून येत होते, मलाही तिनं वाटेत ओढलं. शरणप्पाच्या ओट्यावर जाऊन ती त्याच्या मागं उभी राहिली आणि डावा डोळा जवळ नेऊन बघितलं. पाठीच्या कण्याजवळ लाल ठिपक्यांचा एक पुंजका उठला होता. कण्याच्या डाव्या बाजूलाच. तिथून बरगडीवर दुसरा, अजून अगदी बारीक.

"शरणप्पा," ती म्हणाली, "हृदयावाल्या डाक्टरनं बरोबर सांगितलंय. तुमीच ऐकलं न्हाई. ही बगा, आली नागीण. आजच आलीय. लई शाणी हाय, वेळेवर दिसली."

"तिचं त्वांड आन् शेपूट मिळाली तर माणूस मरतंय म्हणं, अक्का," शरणप्पा म्हणाला. एवढा मोठा गडी, पण आवाज लहान झाला होता.

"कुठनं मिळंल? ती अर्ध्यातच थांबतीय." तिनं त्याच्या अंगाला न लावता, हवेतच, पाठीपासून छातीच्या मधोमध हात फिरवला आणि थांबवला. "हितनं पुढं तिची हद्द न्हाई. आळंद तालुका संपला की महाराष्ट्र लागतोय, तसं. उठा आता, बस यायलीय."

शरणप्पाला त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. पुरळ आलं, पण बरगडीवरच विझलं. थोड्या दिवसांत तो पुन्हा तुरीच्या रानात ओरडत फिरू लागला, आणि तो आवाज ऐकून नीलाक्का दुकानातून म्हणायची, "बगा टीचर, माझं काम कसं बोंबलत जायलंय."

पण गाव अजून आधी मलकप्पाकडेच जायचं. मलकप्पा कुंभार म्हातारा, सडपातळ, दाढी पांढरी. त्याच्या बापानं सिंह काढला, आज्यानं काढला. लोकांकडून तो त्याबद्दल काही घेतही नसे. त्याच्याशी भांडावं कसं? नीलाक्का एके सकाळी त्याच्या भट्टीवर गेली. तिला सोबत लागायची, भांडायचं असलं की जास्तच, म्हणून मी होते.

"मलकण्णा," तिनं विचारलं, "एवढी माणसं तुझ्याकडं आली. एकाचं तरी त्वांड-शेपूट मिळालेलं बगितलास का?"

मलकप्पानं चाकावरचा हात काढला नाही. "न्हाई."

"का मिळालं न्हाई?"

"मी सिंह काढलो म्हणून," तो शांतपणे म्हणाला.

  नीलाक्का जी हसायला लागली, की मलकप्पाही हसला आणि चाकावरचं गाडगं वाकडं झालं.

"बरोबर हाय, बाबा. जितलास," ती डोळे पुसत म्हणाली. आणि मग खाली बसून, अगदी मऊ आवाजात, "पर माझ्यावरबी सिंह काढला व्हतास, अण्णा. सिंहानं साप खाल्ला. माझा डोळा न्हाई वाचवला."

चाक फिरत फिरत थांबलं. मलकप्पानं मान वर केली. तो तिच्या त्या डोळ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, इतक्या वर्षांत गावात कुणीच त्याला हे असं समोर बसून सांगितलं नव्हतं.

"मग काय करू, तंगी?" तो म्हणाला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "लोक यायल्यात. परत लावू का? मला परत लावता येत न्हाई."

"लावू नकोस. सिंह काढ. पर आंगावर न्हाई. फोडांना माती लागली तर पू व्हतोय. कागदावर काढ. म्हणावं, हा उशाला ठेव, आन् आधी दवाखान्यात जा. सिंह आन् गोळी, दोगं मिळून जातील."

आमच्या शाळेतल्या कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा मी मलकप्पाला नेऊन दिला. त्याचे सिंह मोठे देखणे असत, झुपकेदार शेपटीचे, थोडे मांजरासारखे. आळंदच्या डॉक्टर मॅडमना मग पेशंट बघताच गाव कळायचं: खजुरीचा पेशंट हातात लाल सिंह घेऊन येतो. एक सिंह त्यांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

आता गाणगापूरची गोष्ट. दर पौर्णिमेला नीलाक्का आणि सिद्रामप्पा बांगड्यांची पेटी घेऊन गाणगापूरला जायचे. दत्ताच्या देवळाच्या वाटेवर त्यांची बसायची जागा ठरलेली होती. गळ्यात इष्टलिंग असलेली ही शिवभक्त बाई दत्ताला आलेल्या सोलापूर-सांगलीकडच्या बायांना बांगड्या भरायची आणि म्हणायची, "देव आपापसात भांडत न्हाईत, आपुन कामून भांडायचं?" त्या पौर्णिमेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले होते.

गाणगापूरला बाधा झालेली म्हणून माणसं आणतात. आरतीच्या वेळी ती ओरडतात, घुमतात, खांबांना धरून लोंबकळतात. त्यामुळं तिथं कुणी ओरडलं की कुणी वळून बघत नाही. त्या सकाळी एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. सून चाळिशीची असावी. सुनंदा तिचं नाव. शिवणकाम करायची, बोटांना सुई टोचून घट्टे पडलेले. उजव्या बाजूनं तिनं पदर पुढं ओढला होता, पण तो हातानं चेहऱ्यापासून लांब धरला होता. म्हातारीला तिला हिरवा चुडा भरायचा होता. चुडा भरून पादुकांसमोर बसवायचं, आठवडाभर, असा नवस.

"काय झालंय हिला, मावशी?" नीलाक्कानं विचारलं.

"बाधा हाय. केसांना हात लावला की किंचाळती. अर्धं त्वांड जळतंय म्हणती, आन् दिसत तर काय न्हवतं. रातसार बसून काढती. आता कालपासनं पुटकुळ्या आल्या, बाहेर पडाय लागलंय म्हणायचं."

नीलाक्कानं सुनंदाचा हात हातात घेतला. बांगडी मात्र उचलली नाही. मान वाकडी करून, डावा डोळा पदराच्या आत नेऊन तिनं बघितलं. मी तिच्या शेजारी होते, मलाही दिसलं. उजव्या भुवईवर लाल पट्टा, त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड, द्राक्षाच्या घडासारखे. कपाळाच्या मधोमध पट्टा असा थांबलेला, जणू कुणी पट्टी ठेवून आखलाय. पापणी सुजलेली. आणि नाकाच्या शेंड्यावर एकच, मोहरीएवढा फोड.

तो फोड बघताच नीलाक्कानं सुनंदाचं मनगट घट्ट धरलं. 

"सिद्रामप्पा!" ती ओरडली. ती नवऱ्याला नावानं हाक मारायची, पण अशी कधी नाही. "रिक्षा बगा! गुलबर्ग्याची!"

म्हातारी भडकली. "कशाची रिक्षा? नवस हाय! अर्ध्यात उठवलं तर देव कोपंल. तू कोण गं सांगणारी?"

"मी कोण न्हाई, मावशी. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की ती डोळ्याच्या वाटंवर असती. आता गेलं पायजे."

"माझ्या सुनंला मी वळखत न्हाई आन् तू वळखती व्हय?"

आजूबाजूला माणसं जमली. सुनंदाचा नवरा गोंधळून उभा होता, आईकडे बघत होता. मला वाटलं, आता नीलाक्का आवाज चढवील. ती उठून म्हातारीच्या अगदी समोर जाऊन बसली. तिनं म्हातारीचा हात धरून आपल्या उजव्या गालावर ठेवला, आणि उजवा डोळा बोटानं उघडून धरला.

"हितं बगा," ती म्हणाली. "मलाबी असंच झालं व्हतं. असंच कपाळ, असाच नाकावर फोड. मला कुणी रिक्षात घातलं न्हाई. ह्या डोळ्यानं मला माझी लेक नवरी झालेली दिसली न्हाई, मावशी. एका डोळ्यानं बगितली. तुमच्या सुनंचा डोळा अजून हाय."

म्हातारी त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली. तिचा हात तिथंच राहिला होता. तेवढ्यात गर्दीतून एक पुजारी पुढं आले. वयस्क, खांद्यावर ओलं धोतर. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"आजी," ते म्हणाले, "महाराज इथंच आहेत, कुठं जात नाहीत. नवस मी सांभाळतो. पादुकांचं दर्शन डोळ्यांनीच घ्यायचं असतं ना? मग आधी डोळा."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "न्या," ती एवढंच म्हणाली.

सिद्रामप्पा पेटीपाशी थांबला; सुनंदा, तिचा नवरा आणि सासू धरून रिक्षात आम्ही पाच जण होतो. वारा लागू नये म्हणून नीलाक्का वाऱ्याच्या बाजूला बसली, आणि सुनंदाला सारखं सांगत होती, "बाधा न्हाई तुला. येडी न्हाईस तू. दुखणं हाय, त्याला नाव हाय, त्याला गोळी हाय." हे ऐकून सुनंदा रडली. तिचा त्रास खरा आहे, असं तिला इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी म्हणत होतं.

गुलबर्ग्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं. दिवा लावून, यंत्रातून बराच वेळ बघितलं. आम्ही दाराशी उभे. नीलाक्काचे ओठ हलत होते, एखादं वचन, म्हणजे शिवाचं कानडी भक्तिपद, म्हणत असावी. डॉक्टर बाहेर आले आणि कानडीत म्हणाले, सूज आहे, पण बुबुळ अजून स्वच्छ आहे. आज आणलंत, फार चांगलं केलंत. गोळ्या, मलम, रोज तपासणी, डोळा राहील.

नीलाक्कानं भिंतीला पाठ टेकली. मग एकदम मोठ्यानं, त्या शांत दवाखान्यात, हात वर करून ती म्हणाली, "राहतोय!" नर्सनं ओठांवर बोट ठेवलं. नीलाक्कानं तिचं ते बोट धरून हलवलं आणि म्हणाली, "राहतोय गं, यव्वा!"

पुढच्या एका पौर्णिमेला सुनंदा आली. कपाळावर फिकट वण राहिले होते, भुवई थोडी विरळ झाली होती, आणि कधीकधी अजून कळ मारते असं ती म्हणाली. सोबत सासू होती; तिनं आल्या आल्या नीलाक्काच्या हातात भाकरी-पिठल्याचं गाठोडं दिलं. सुनंदा पाटावर बसली. नीलाक्कानं तिचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि दुसऱ्या हातानं पेटीतून एकेक बांगडी उचलून धरायला लागली.

"ही?"

"मोरपंखी."

"ही?"

"चिंचेच्या पाल्यावानी. त्यात सोनेरी ठिपका हाय."

"ह्यो ठिपका मलाबी दिसत न्हवता!" नीलाक्का ओरडली. "आन् ही?"

"ही हिरवी. नवरीची."

वाटेवरून जाणारे लोक थांबून बघू लागले. प्रत्येक उत्तराला नीलाक्का अशी टाळी मारायची, की जणू कुस्तीत गडी जिंकत होता. शेवटी सगळ्या बांगड्या संपल्या आणि सासूनं सांगितलं, आता भरा तरी. नवसाचा चुडा मग पादुकांसमोर भरला, आणि त्या पुजाऱ्यांनी स्वतः खण-नारळ दिला.

त्या हिवाळ्यात माझी बसवकल्याणला बदली झाली. निघायच्या दिवशीच आळंदच्या डॉक्टर मॅडमनी तालुक्यातल्या आशा कार्यकर्तींची बैठक घेतली आणि नीलाक्काला बोलायला बोलावलं. तिनं माईक बाजूला सारला. स्वतःच्याच पाठीपासून छातीपर्यंत हात फिरवून ती म्हणाली, "आधी दुखतंय, मग दिसतंय. दिसायच्या आधीच वळखायचं. मुंग्या, आग, कापड सहन व्हत न्हाई, एकाच अंगाला. मग लाल, मग पाणी भरलेलं. फोडांना खाजवायचं न्हाई, झाकून ठेवायचं, गरवार बाईपासनं आन् तान्ह्या लेकरापासनं लांब. आन् डोळ्याजवळ आली तर चहासुद्धा प्यायचा न्हाई, पळायचं!" मॅडम मागं बसून मान हलवत होत्या. सभागृहातल्या सगळ्या बाया आपापल्या बरगड्यांवरून हात फिरवत होत्या आणि छातीच्या मधोमध थांबवत होत्या. ते दृश्य कवायतीसारखं होतं. नीलाक्का पुढं उभी राहून एकेकीची चूक काढत होती.

बैठकीनंतर मी बसवकल्याणच्या बसमध्ये बसले. ती आणि सिद्रामप्पा मोपेडवर खजुरीकडे निघाले. बस गावाबाहेर पडली, तेव्हा मोपेड आमच्या पुढंच होती. नीलाक्का मागं बसून सिद्रामप्पाला रस्ता सांगत होती, जसा काही त्यानं तो आयुष्यात बघितला नव्हता. एका वस्तीच्या वळणावर एक बाई कडेला उभी होती. तिनं हात केला. मोपेड थांबली, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आल्यामुळं आमची बसही थांबली. खिडकीतून मला दिसलं: त्या बाईनं मानेवरचा पदर जपून बाजूला केला, नीलाक्का उतरली, मान वाकडी करून जवळ गेली, बोटानं हवेतच काहीतरी दाखवून विचारलं. बाईनं एकाच बाजूवर हात ठेवला.

 सिद्रामप्पानं मोपेड वळवली. बाई मधे बसली, नीलाक्का तिच्या मागं, तिला वारा लागू नये म्हणून स्वतःचा पदर आडवा धरून. ट्रॅक्टर गेला, बस सुटली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. तिघं त्या छोट्याशा गाडीवर, धूळ उडवत, आळंदच्या दिशेनं. आणि नीलाक्काचा एक हात सिद्रामप्पाच्या पाठीवर थापा मारत होता: चला, चला, वेळ हाय अजून.